एक नट कमी

गाड्यांवर लिहिणं वेगळं आणि गाडीत हात घालणं वेगळं! विशी ओलांडलेल्या मारुती ८००चा इनलेट मॅनिफोल्ड घरच्या पार्किंगमध्ये उतरवला, त्या दोन दिवसांची ही गोष्ट.

'इंजिन एकदम रिफाइन्ड. मिड-रेंजमध्ये मस्त ओढतं. सिग्नलला उभी असताना तर गाडी चालू आहे की बंद, तेही कळत नाही!'

ही वाक्यं मी आजवर किती गाड्यांबद्दल लिहिली, मोजलेलं नाही. मास कॉम झाल्यापासून फ्रीलान्सिंग करतेय. आज कॅफेवर, उद्या स्किनकेअरवर, परवा एखाद्या नव्याकोऱ्या हॅचबॅकवर. जे मिळेल ते. त्यातही गाड्यांचं लिखाण सगळ्यात सोपं, असं माझं ठाम मत होतं. प्रेस किटमध्ये सगळं आयतं असतं. एक छानशी राइड, झकास लंच आणि घरी येऊन आठशे शब्द. खल्लास! बॉनेट उघडायची वेळच येत नाही. आणि खरं सांगू? बॉनेटचा खटका कुठे असतो, हेही मला दर वेळी शोधावं लागतं.

अशा मला गेल्या पावसाळ्यात चिंचवडच्या एका सिग्नलला माझ्याच गाडीनं तोंडघशी पाडलं.

माझी म्हणजे बाबांची मारुती ८००. २००४च्या दसऱ्याला आमच्या निगडीच्या घरी आली, तेव्हा मी दुसरीत होते. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मागच्या सीटवर प्लॅस्टिकचं कव्हर न काढता बसलेले दादा आणि मी, असा फोटो अजून हॉलमध्ये आहे. २०१४च्या जानेवारीत ८०० बनायची बंद झाली. आमची चालूच राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर बाबांनी तिचं पुन्हा पासिंग करून आणलं. मित्रमैत्रिणी हप्त्यांवर एसयूव्ही घेतायत आणि मी ही पांढरी डबी घेऊन फिरतेय. विचारलं तर सांगते, 'रेट्रो आहे यार!' खरं कारण, ईएमआय परवडत नाही.

तर सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी. पाय ॲक्सिलरेटरवर नाही. आणि इंजिन आपोआप 'घुंऽऽऽ' करत वर! मग खाली, इतकं खाली की आता बंद पडतंय असं वाटावं. मग पुन्हा 'घुंऽऽऽ'. शेजारच्या बाइकवाल्यानं हेल्मेटची काच वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी रेस लावतेय. मारुती ८००मधून!

हिशेबाबाहेरची हवा

गॅरेजवाल्यानं पाच मिनिटं आवाज ऐकला. थ्रॉटल बॉडी, दोन सेन्सर, मजुरी... अकरा हजार. वर एक फुकटचा सल्ला, "ताई, आता विकून टाका." माझे तीन महिन्यांचे चेक तीन वेगवेगळ्या अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये अडकलेले. मी गाडी तशीच 'घुंऽऽ' करत घरी आणली.

बाबा गॅलरीत उभे होते. ते खाली आले. एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेन्टेनन्स फिटर होते, आता रिटायर्ड. गुडघे आणि कंबर दोन्ही संपावर गेल्यामुळे वाकायची बंदी. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, "वरून इस्त्रीची पाण्याची बाटली आण."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची ती फवाऱ्याची बाटली. "इथे मार. थोडं डावीकडे. आता खाली." इंजिनाच्या एका कडेला, दोन धातू जिथे जुळतात त्या रेघेवर बारीक फवारा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. क्षणभर शहाणा झाला आणि पुन्हा चढला.

"सापडलं," बाबा म्हणाले. "गॅस्केट गेलंय. मॅनिफोल्ड उतरवावा लागेल."

मॅनिफोल्ड हा शब्द मी निदान पाच रिव्ह्यूंमध्ये वापरलाय. तो दिसतो कसा, ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ॲल्युमिनियमचा एक भांड्यासारखा भाग आणि त्याला फुटलेले फाटे. ८००ला तीन सिलिंडर, म्हणून तीन. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा आपल्याला वाटतं की पेट्रोल जास्त जातं. प्रत्यक्षात उघडतं ते थ्रॉटलचं दार, आणि आत जाते ती हवा. ती हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणारा हा मॅनिफोल्ड. २००० साली ८००ला एमपीएफआय इंजिन आलं, तेव्हापासून आतल्या हवेचा दाब मोजून किती पेट्रोल फवारायचं, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

मॅनिफोल्ड आणि इंजिनाचं हेड यांच्यामध्ये असतं गॅस्केट. पातळसं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. हजारो वेळा तापून आणि निवून ते वयानं कडक होतं, चिरतं आणि मग थ्रॉटलचं दार बंद असतानाही तिथून हवा आत शिरते. बाबांच्या भाषेत 'हिशेबाबाहेरची हवा'. कॉम्प्युटर बिचारा ती सावरायला जातो, इंजिन वर-खाली होत राहतं. थ्रॉटल बॉडी बदलून काहीही झालं नसतं. नवं गॅस्केट नाना पेठेत दोनशे रुपयांच्या आत मिळालं!

"घरीच काढू," बाबा म्हणाले.

"काढू म्हणजे? तुम्हाला वाकायचं नाहीये."

"मी कुठे वाकतोय? मी खुर्चीत बसणार आहे."

इथे एक जुना हिशेब सांगायला हवा. दादाला बाबांनी बाराव्या वर्षी स्टेपनी बदलायला शिकवली. मला टॉर्च धरायला. "तू राहू दे, हात काळे होतील," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझ्या डोक्यात त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड झालंय. आता दादा बेंगळुरूला आयटीत. शनिवारी रात्री फोनवर म्हणाला, "अगं, गॅरेजला टाक ना. मी पैसे पाठवतो." मी नको म्हटलं. पैशांसाठी नाही. खुर्चीत बसून का होईना, बाबा पहिल्यांदाच पाना माझ्या हातात देणार होते.

लक्षात राहील, म्हणायचं नाही

रविवार, सकाळी आठ. इंजिन रात्रभर थंड झालेलं. जुन्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलेला. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, बाजूला त्यांची लोखंडी पेटी, मांडीवर गाडीची वही. तिच्यात २००४पासूनचं प्रत्येक सर्व्हिसिंग, प्रत्येक टायर, प्रत्येक बल्ब तारखेसह लिहिलेला.

पहिलं काम पेट्रोलचं. एमपीएफआय गाडीत पेट्रोलच्या पाइपमध्ये इंजिन बंद असतानाही प्रेशर असतं. तो पाइप तसाच सोडला तर पेट्रोलचं कारंजं तोंडावर. म्हणून फ्युएल पंपाचा रिले काढायचा आणि इंजिन सुरू करायचं. पाइपातलं पेट्रोल संपलं की दोनचार आचके देऊन ते स्वतःच बंद पडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. एवढ्यात सोसायटीतले एक काका 'काय चाललंय?' करत सिगारेट घेऊन आले. बाबांनी त्यांना गेटच्या बाहेरच पाठवलं.

दुसरं काम कूलंटचं. मॅनिफोल्डमधून कूलंटची वाटही जाते, त्यामुळे तो आधी खाली काढावा लागतो. आईची जुनी परात कामी आली (ती आता कायमची पार्किंगमध्ये राहते). कूलंट चवीला गोड असतो म्हणे, आणि विषारी. सोसायटीतली मांजरं तो चाटू शकतात, म्हणून परातीवर लगेच झाकण. गटारात ओतायचा तर प्रश्नच नाही.

आणि मग सुरू झाला तो गुंता. एअर फिल्टरचा डबा निघाला आणि खाली बघते तर काय, हेडफोनच्या वायरी बॅगेत चार दिवस राहिल्यावर दिसतात तसं सगळं. ॲक्सिलरेटरची केबल, इंजेक्टरचे कनेक्टर, सेन्सरच्या वायरी, रबरी नळ्या जाड, नळ्या बारीक, एकीसारखी दुसरी.

मी एक कनेक्टर काढला आणि दुसऱ्याला हात घातला.

"थांब. टेप लाव."

"बाबा, लक्षात राहील. आणि मी फोटो काढलाय मोबाइलवर."

"फोटो काढ, हरकत नाही. पण लक्षात राहील, असं म्हणायचं नाही. कारखान्यात ज्यांनी ज्यांनी असं म्हटलं, त्यांच्या मशीन रात्रभर बंद राहिल्या."

त्यांनी मास्किंग टेपचं रीळ काढलं. नळीच्या टोकाला १, ती जिथून निघाली तिथेही १. पुढच्या जोडीला २. आकडे तेच घालत होते, फिटरच्या त्या सरळ, ताठ अक्षरात. नट-बोल्टांसाठी आणखी एक युक्ती. काजूकतलीच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर पेननं मॅनिफोल्डचा आकार काढला आणि जिथे जिथे नट आहे तिथे पेनानं भोक पाडलं. मी नट काढून त्यांच्या हातात देणार, ते झाकणावर त्या त्या भोकात बसवणार. शेवटी एकही भोक रिकामं राहायला नको. इतकं साधं! माझ्या फोनमधल्या तीन टू-डू ॲप्सना हे जमलेलं नाही.

नट सोडवतानाही शिस्त. आधी टोकाचे, मग मधले. एकेक पूर्ण सोडायचा नाही, प्रत्येकाला थोडं थोडं ढिलं करत फेऱ्या मारायच्या, नाहीतर ॲल्युमिनियमवर ताण येऊन ते वाकडं होतं. वरचे नट पटापट निघाले. मी लगेच फॉर्मात. मग खालचे. ते दिसतच नाहीत! हात कोपरापर्यंत आत, गाल फेंडरवर टेकलेला आणि बोटांनी चाचपत चाललेला शोध. शेवटी पर्समधला कॉम्पॅक्ट काढला आणि त्याच्या आरशात नट बघितला. पावडरचं काय झालं ते विचारू नका. रिंग पाना एका वेळी इतकासाच फिरायचा. एका नटाला पाऊण तास. पाना सटकला, बोटांची सालटं निघाली.

मी बोट तोंडात घालून उभी. बाबा काही बोलले नाहीत. फक्त आपल्या उजव्या हाताची मूठ पुढे केली. बोटांच्या सांध्यांवर पांढऱ्या खुणांची रांग. लहानपणापासून बघत आले होते त्या. त्या कशाच्या, हे कधी विचारलं नव्हतं.

एक भोक रिकामं

दुपारी तीनला शेवटचा नट निघाला. "स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. धातूला ओरखडा गेला की नवं गॅस्केटही गळणार. हातानं हलव." हलवला. वीस वर्षांचा चिकटलेला मॅनिफोल्ड 'चर्र' करून सुटला आणि माझ्या हातात आला. जेवढा वाटला होता त्यापेक्षा हलका. आणि इंजिनाच्या हेडमध्ये तीन काळी भोकं उघडी पडली.

"चिंध्या!" बाबा ओरडले.

चिंध्या वर राहिल्या होत्या. सकाळीच आणायला सांगितलेल्या. मी जिने चढून धावत गेले, बाबांचा जुना बनियन फाडला, धावत आले आणि तिन्ही भोकांत बोळे कोंबले. मधल्या दोन-तीन मिनिटांत ती भोकं उघडी होती. हे आत्ता लक्षात ठेवा.

मग दोन तास साफसफाई. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडायचे, पण लोखंडी पातं चालत नाही. मुदत संपलेलं एक क्रेडिट कार्ड होतं, त्यानं काम फत्ते केलं. त्या कार्डाचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव चांगला उपयोग! बाबांनी स्टीलची पट्टी पृष्ठभागावर आडवी ठेवली आणि तिच्याखाली फीलर गेजचं ०.१ मिलिमीटरचं पातं सरकवून बघितलं. कुठेही गेलं नाही. मॅनिफोल्ड वाकलेला नव्हता. "छान," ते म्हणाले. मॅनिफोल्डला की मला, माहीत नाही. मी मला घेतलं.

साडेपाचला त्यांनी झाकण हातात घेतलं. आणि गप्प झाले.

एक भोक रिकामं होतं.

पार्किंगमध्ये चहाचे कप हलवून बघितले. गाडीखाली आडवी होऊन बघितलं. गिअरबॉक्सवर, बॅटरीच्या ट्रेखाली, परातीतल्या कूलंटमध्ये हात घालून. नट नाही.

तुम्ही म्हणाल, एका नटाचं काय एवढं? दुसरा आणा! तो मिळालाच असता. प्रश्न हा होता की हा गेला कुठे. ती तीन भोकं थेट इंजिनाच्या पोटात जातात. शेवटी व्हॉल्व्ह असतो, पण इंजिन ज्या स्थितीत थांबलंय त्यात एखादा व्हॉल्व्ह उघडा असू शकतो. नट त्यातून आत पडला आणि आपण स्टार्टर मारला, की पिस्टन तो नट घेऊन वर हेडवर आदळणार. व्हॉल्व्ह वाकडा, पिस्टनला खड्डा. सिंपली इंजिन गेलं. वीस वर्षं जुन्या गाडीचं इंजिन जाणं म्हणजे गाडी भंगारात जाणं.

एकेक बोळा काढून टॉर्चनं आत बघितलं. काळपट तपकिरी व्हॉल्व्हची पाठ दिसली. तारेला लोहचुंबक बांधून आत फिरवला. काही लागलं नाही.

"आत असेल आणि दिसत नसेल, तर हेड उतरवावं लागेल," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू तो माझ्याकडे दिलाच नाहीस."

"दिला बाबा. सगळे दिले."

"दिला असतास तर इथे असता."

झाकण समोर होतं. त्यावर वाद घालता येत नव्हता. मी आठवायला लागले. शेवटचा नट दिला होता का? मॅनिफोल्ड हलवताना हातातच होता का? धावत वर गेले तेव्हा कुठे ठेवला? जितकं आठवत गेले तितकं ते पुसट होत गेलं. रात्री आठपर्यंत माझी खात्री पटली होती की तो नट मीच पाडला. चिंध्या विसरणारी मीच ना!

बाबा रात्री जेवले नाहीत. ते चिडलेले नव्हते. घाबरलेले दिसत होते. गाडीसाठी माणूस एवढा घाबरतो का, असं तेव्हा मनात आलं होतं.

वॉशिंग मशीन

सोमवार. दुपारी बाराची डेडलाइन. मी लॅपटॉपसमोर बसून एकही ओळ न लिहिता 'इंजिन हेड काढण्याचा खर्च' शोधत होते. आत आई मशीनला कपडे लावत होती. एकदम 'टण्ण' असा आवाज झाला.

आई बाहेर आली. तिच्या तळहातावर नट.

"हा तुमच्यातलाच ना? ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता."

मी उडालेच. "अगं आई! काल तीन तास..." आणि मी बाबांना हाक मारणार, तोच तिनं माझा हात धरला. घट्ट.

"हळू. ओरडू नकोस."

ओट्याजवळ उभं राहून तिनं जे सांगितलं, ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. दूध दोनदा आणतात. गॅस बंद केला की नाही, ते बघायला चार वेळा उठतात. गेल्या आठवड्यात बँकेत गेले आणि परत येऊन तिला विचारलं, मी कशाला गेलो होतो? "चार-पाच महिने झाले. त्यांनाही कळतंय. म्हणून तर सगळं लिहून ठेवत असतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू असतेस कुठे?"

याला उत्तर नव्हतं. मी त्याच घरात राहते. रात्री येते, सकाळी जाते. मधल्या वेळात मी इतरांच्या लाइफस्टाइलवर लिहीत असते.

मी नट घेऊन खाली गेले. बाबा पार्किंगमध्येच होते. उघड्या इंजिनासमोर, खुर्चीत.

"बाबा, सापडला! गिअरबॉक्सच्या वरच्या खाचेत अडकला होता."

त्यांनी तो हातात घेतला. बोटांत फिरवला. चष्मा वर करून जवळून बघितला. आणि त्यांच्याबरोबर मीही पहिल्यांदाच नीट बघितला. गिअरबॉक्सवर रात्रभर पडलेल्या नटाला धूळ लागते, तेलाचा काळा थर लागतो. हा स्वच्छ होता. त्याच्या आट्यांमध्ये खिशाच्या शिवणीतला पांढरा कापूस अडकला होता.

बत्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला हे सांगावं लागतं का?

"बरं झालं," ते म्हणाले. कापूस नखानं काढला आणि नट झाकणावरच्या रिकाम्या भोकात बसवला.

वही

संध्याकाळी जोडणी. आधी बोळे मोजून काढले. तीन घातले, तीन काढले. नवं गॅस्केट कोरडंच बसवलं आणि त्यावर मॅनिफोल्ड. घट्ट करताना उलटा क्रम, आधी मधले नट आणि मग बाहेर बाहेर जायचं, म्हणजे गॅस्केट सारखं दाबलं जातं. पेटीतून टॉर्क पाना निघाला. आठ मिलिमीटरच्या नटाला ताकद लावायची नसते, साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. जास्त पिळला तर स्टड तुटतो. "कट्ट वाजलं की थांब. हौस म्हणून अजून एकदा नाही."

बाबा क्रम सांगत होते. मधला. त्याच्या खालचा. आता डावीकडचा. एकदाही अडखळले नाहीत, वहीत बघितलं नाही. दोनदा दूध आणणारा माणूस हाच, यावर विश्वास बसेना. हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच बहुतेक. हातात होतं.

मग टेपचे आकडे बघत नळ्या. १ला १, २ला २. फोटो उघडावाच लागला नाही. कूलंट भरला, रिले लावला, बॅटरी जोडली. किल्ली नुसती 'ऑन' करून थोडं थांबले, बंद केली, पुन्हा 'ऑन'. पंपाची बारीक गुणगुण. पेट्रोल कुठे पाझरत नाही ना, ते बघून घेतलं. आणि स्टार्टर.

तिसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. थोडं अडखळलं, चढलं, मग खाली येऊन बसलं. आणि बसलेलंच राहिलं. एकसारखं. मी इस्त्रीची बाटली घेऊन त्या रेघेवर फवारा मारला. आवाज जराही बदलला नाही. मी पार्किंगमध्ये जोरात ओरडले. वरून तीन गॅलऱ्यांतून माणसं डोकावली.

'इंजिन एकदम रिफाइन्ड' हे वाक्य या वेळी मी मनापासून म्हटलं.

रात्री बाबा झोपल्यावर मी गाडीची वही उघडली. बघायचं होतं की आपलं नाव कुठे आलंय का. त्याआधीची पानं चाळली. मार्च महिन्यात एकाच तारखेला 'टायरमध्ये हवा भरली' दोनदा. मेमध्ये इन्शुरन्सची तारीख तीनदा, प्रत्येक वेळी अधोरेखित. अक्षर तेच, सरळ, ताठ. आणि शेवटची नोंद.

'इनलेट मॅनिफोल्ड गॅस्केट बदलले. काम मुलीने केले. एक नट माझ्या खिशात राहिला होता.'

बस्स. एवढंच. बत्तीस वर्षं लॉगबुक भरलेल्या माणसाला खोटी नोंद चालत नाही. स्वतःला वाचवणारी असली तरी.

सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. वही वाचल्याचं सांगितलं. गिअरबॉक्सबद्दल खोटं बोलले, तेही सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. तूही चल. ते काय सांगतील, ते दोघांनी ऐकलेलं बरं."

"घेते."

"लक्षात राहील?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. उठून वही आणली आणि त्यांच्यासमोर लिहिलं. नोंद बघून ते हसले. मग खिशात हात घालून त्यांनी मास्किंग टेपचं रीळ काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"शिल्लक आहे अजून," ते म्हणाले. "घरात लागेल."